विश्लेषण : मुरबाडची सून, बालकवींची ‘आई’… लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य आजही का वाचले जाते?

शहापूरहून सापगाव मागे टाकून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याने रोज शेकडो जण ये-जा करतात. या मुरबाडचा मराठीतील एका गाजलेल्या आत्मचरित्राशी संबंध आहे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांच्या सासऱ्यांचे बिऱ्हाड एकेकाळी मुरबाडला होते आणि लग्नानंतरचा काही काळ लक्ष्मीबाईंनी तिथे काढला. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची पत्नी, देवदत्त यांची आई आणि पुढे अशोक टिळक यांची आजी, अशी त्यांची घरातली ओळख. शाळेत रीतसर न शिकलेली ही गृहिणी लेखिका कशी झाली?

मनूची लक्ष्मी कशी झाली?

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, घरात मनू. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी फाशी दिले. मनूच्या वडिलांनी या घटनेचा असा धसका घेतला की सोवळे हेच त्यांचे वेड झाले. बाजारातून आलेले मीठ-साखरसुद्धा धुऊन घरात घेण्यापर्यंत मजल गेली. मीठ धुतल्यावर उरते किती, हा प्रश्न त्या घरात विचारायची कुणाची टाप नव्हती. पुढे जातपात सोडणाऱ्या बाईचे बालपण अशा घरात गेले.

१८८० मध्ये, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी मनूचे लग्न नारायण टिळकांशी झाले आणि तिची लक्ष्मी झाली. सासरे तापट, नवरा भटका. टिळक हुशार होते, कविता करत, कीर्तन करत. पण एका नोकरीत, एका गावात टिकत नसत. बायकोला नातेवाइकांकडे ठेवून ते अचानक निघून जात. हातात पैसा आला की समोरच्या गरजूला देऊन मोकळे होत, मग घरात चूल पेटो न पेटो. आधीची मुले लहानपणीच दगावली. १८९१ मध्ये दत्तू म्हणजे देवदत्त जन्मला आणि तो जगला.

१८९५ मध्ये नेमके काय घडले?

१८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात टिळकांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. त्याने दिलेले बायबल त्यांनी वाचायला घेतले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. बातमी आली आणि एका दिवसात त्या ना सधवा राहिल्या, ना विधवा. नवरा जिवंत होता, पण त्याच्या घरचे पाणी पिणे म्हणजे जात जाणे.

इथे कायद्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. धर्मांतर करणाऱ्याला जोडीदाराने सोडले, तर त्याला कोर्टात जाऊन विवाह मोडून घेता येईल, अशी तरतूद इंग्रज सरकारने १८६६ च्या कायद्यात केली होती. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. मात्र ही वाट पाहण्याची वेळ आणली त्यांनीच. लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढण्याचा खरा भार पडला तो लक्ष्मीबाईंवर. पंढरपूरला बहिणीच्या घरी त्या बराच काळ राहिल्या. मनातले कुणाला सांगावे, हा प्रश्न होता. याच काळात त्या कविता रचू लागल्या.

साधारण साडेचार-पाच वर्षांनी त्या नवऱ्याकडे अहमदनगर भागात परतल्या, पण आपल्या अटींवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कायम. टिळकांनी सक्ती केली नाही. जात माणसांनीच केली आहे, हे त्यांना विचार करता करता पटत गेले आणि मग कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे गेलेली बायको, एवढ्यावर हा प्रवास मिटवला तर तिच्यावर अन्याय होईल. तिने पाच वर्षे घेतली ती स्वतःची खात्री करून घ्यायला.

घरात इतकी माणसे कुठून आली?

त्या काळात दुष्काळ आणि प्लेग दोन्ही होते. टिळक अनाथ मुलांना घरी आणत आणि त्यांना खाऊ काय घालायचे, हे लक्ष्मीबाईंनी पाहायचे. याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक हळवा मुलगा येऊन राहिला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी त्याला हेरले होते. मराठी वाचक त्याला बालकवी म्हणून ओळखतात. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. मे १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. साधारण वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले.

‘स्मृतिचित्रे’ कशी लिहिली गेली?

पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाई मुलाच्या संसारात होत्या. काही काळ कराची, मग नाशिक. देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहायला लावल्या. त्या लिहिता लिहिता चरित्र बाजूला राहिले आणि आईचेच आयुष्य कागदावर उतरले. जोडाक्षरांशी त्यांचे कधी फारसे जमले नाही. भाषा मात्र बोलल्यासारखी सरळ आहे. टिळकांवर त्यांचे जिवापाड प्रेम होते, तरी त्यांचा विक्षिप्तपणा त्यांनी लपवला नाही, आणि स्वतःची फजितीही खुशाल सांगितली.

१९३४ ते १९३६ या काळात पुस्तकाचे चार भाग निघाले. टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनी हाती घेतले आणि त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे या पुस्तकावर विजया मेहता यांनी चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या. शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये आला. आणि ‘स्मृतिचित्रे’ची सटीप आवृत्ती सिद्ध केली ती त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी.