कॅप्टन जेम्स कुक

यॉर्कशायरांतील एका शेतमजुराच्या घरीं इ. स. १७२८ मध्यें जेम्स कुक यांचा जन्म झाला. कोळशाच्या गलबतांवर उमेदवारी करून ते नौकानयन शिकले, १७५५ सालीं आरमारांत शिरले व पुढें सागरी नकाशे काढण्यांत नांवाजले. १७६८ सालीं ‘एंडेव्हर’ जहाज त्यांच्या हातीं आलें.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत पोवळ्यांच्या खडकांची अफाट रांग आहे. ११ जून १७७० च्या रात्रीं जहाज तींत अडकून तळास भोंक पडलें. सहा तोफा समुद्रांत टाकल्या, तेव्हां दुसऱ्या रात्रीच्या भरतीनें तें सुटलें. पुढें किनाऱ्यास लावल्यावर दिसलें कीं, भोंकांत पोवळ्याचा तुकडा रुतून बसला आहे! तो निसटता तर काय होतें, याची वाचकांनींच कल्पना करावी.

दुरुस्तीनंतर कुक मोठ्या आनंदानें खडकांबाहेर पडले. परंतु १६ ऑगस्टच्या पहाटे वारा पडला. पाणी इतकें खोल कीं नांगर टेकेना; लाटा जहाजास खडकाच्या भिंतीकडे लोटीत होत्या. खलाशी होड्यांतून तें ओढूं लागले, तरी भिंत शंभर यार्डांच्या आंत आली. इतक्यांत वाऱ्याची मंद झुळूक आली, आणि एका खिंडींतून बाहेर येणाऱ्या ओहोटीनें जहाज किंचित् मागें हटविलें. मग भरती लागली. दुसरी अरुंद खिंड दिसली. कुक यांनीं जहाज प्रवाहाच्या स्वाधीन केलें व तें वेगानें आंत शिरलें. ज्या खडकांतून सुटण्याची धडपड, त्यांच्याच आड आतां आसरा! त्या वाटेस त्यांनीं ईश्वरी कृपेवरून नांव दिलें. नव्या प्रदेशांच्या नकाशांहून प्रवाह ओळखण्याचें हें धैर्य आम्हांस थोर वाटतें.

माणसें ओळखण्यांत मात्र ते शेवटीं चुकले. हवाई बेटांत एक होडी चोरीस गेली म्हणून तेथील राजास ओलीस धरण्यास ते गेले, आणि १४ फेब्रुवारी १७७९ रोजीं किनाऱ्यावरच्या झटापटींत मारले गेले.