रिकाम्या यादीची उपकारस्तुती

आजचे वचन: १ थेस्सलनीकाकरांस ५:१८



नाताळ जवळ आलाय. चर्चमध्ये कॅरलची प्रॅक्टिस, ऑफिसमध्ये सुट्ट्यांचे अर्ज, आणि सगळ्यांच्या स्टेटसवर वर्षभरातल्या आशीर्वादांची यादी: नवी नोकरी, नवा फ्लॅट, परदेशवारी. देवाने दिलंय तर उपकार मानावेतच. पण ज्याची यादी या वर्षी रिकामी आहे, त्याने काय लिहायचं? माझ्या ओळखीतल्या काही जणांची नोकरी नुकतीच गेलीय. आणि माझं गाव कुंभार पिंपळगाव. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तरी त्या डिसेंबरातही नाताळ आलाच होता.

आजचं वचन नीट वाचा. पौल प्रत्येक स्थितीत देवाचे आभार मानायला सांगतो. प्रत्येक स्थितीबद्दल आभार माना, असं तो म्हणत नाही. हा फरक मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि आईने ते लेकीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत जगायचं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं सगळं विकून झालं, अन्न संपलं, झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. १८७४ पासून थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी भटकले.

१८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या, कडेवर तान्ही मुलगी. माणसं मोजायला बसलं तर यादीत एकच नाव उरलं होतं.

पुढे त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. हातात पैसा फारसा नव्हता. पण भुकेने माणसाचं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि तिथल्या अनाथ मुली-विधवांना सोबत घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांना शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच ‘मुक्ती’. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. आजही पुण्याहून दौंडकडे रेल्वेने जाताना केडगाव लागतं आणि मुक्ती मिशनचं काम तिथे सुरूच आहे.

१९०७ साली रमाबाईंनी आपली साक्ष इंग्रजीत लिहिली. तिच्या शीर्षकातच कधीही न संपणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. मला विशेष वाटतं ते हे, की त्याच साक्षीत घरच्यांच्या उपासमारीची हकीकत त्यांनी सविस्तर सांगितलीय. काहीही झाकलेलं नाही. आई-वडिलांच्या मृत्यूला त्यांनी आशीर्वाद म्हटलं नाही. पण त्या भुकेची आठवण त्यांनी हजारो मुलींच्या ताटापर्यंत नेली. माझ्या मते त्यांची उपकारस्तुती ही होती.

शेवटची परीक्षा बाकी होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, साध्या बायकांनाही समजावं म्हणून. ते काम त्यांनी सोडलं नाही, पूर्ण केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरीया आणि योसेफला उतारशाळेत जागा मिळाली नाही. ज्याला जागा मिळाली नाही त्याचाच वाढदिवस आपण साजरा करतो. रमाबाईंनी आयुष्यभर जागा केली. म्हणून या आठवड्यात यादी करण्याआधी एक फोन करा. नोकरी गेलेल्या मित्राला, किंवा पीजीमध्ये राहणाऱ्या आणि सुट्टीत गावी जाऊ न शकणाऱ्या मैत्रिणीला नाताळच्या जेवणाला बोलवा. आणि तुमचीच यादी रिकामी असेल, तर ती तशीच प्रभूपुढे ठेवा. आनंदी असल्याचा आव आणायची गरज नाही.

प्रार्थना: हे प्रभू येशू, जे दिलंस त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. जे गेलं त्याचं दुःख तुला ठाऊक आहे. आमच्या दुःखातून कुणासाठी तरी जागा होऊ दे. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.