पथ्य आणि कर्तव्य

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक म्हटले की करारी मुद्रा, पुणेरी पगडी आणि ‘केसरी’तील जळजळीत अग्रलेख आपल्याला आठवतात. या कणखर पुरुषाच्या देहात एका चिवट व्याधीने कित्येक वर्षे ठाण मांडले होते, हे मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही. ती व्याधी म्हणजे मधुमेह.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतल्यावर त्यांनी पहिले वर्ष मुख्यतः शरीर कमावण्यात घालवले. तालीम, कुस्ती आणि पोहणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. अभ्यास काही काळ मागे पडला; पण शरीर हे कार्याचे पहिले साधन आहे, ही जाण त्यांना जन्मभर पुरली.

प्रौढ वयात त्यांना मधुमेह जडला. या रोगात रक्तातील साखर प्रमाणाबाहेर वाढते. आज त्याचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. बहुधा लहान वयात दिसणाऱ्या प्रकारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच आपपर भाव विसरते आणि इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. प्रौढांमध्ये अधिक आढळणाऱ्या प्रकारात शरीराला इन्सुलिनचा पुरेसा उपयोग करून घेता येत नाही. टिळकांच्या काळी दोहोंवरही खात्रीचे औषध नव्हते. जिभेवरचा ताबा आणि नियमित दिनचर्या, एवढाच काय तो रुग्णाचा आधार होता.

या आधाराची खरी कसोटी लागली ती १९०८ साली. ‘केसरी’तील लेखांबद्दल राजद्रोहाच्या आरोपावरून २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या वेळी ते एकावन्न वर्षांचे होते. साबरमतीच्या तुरुंगातून त्यांना ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेण्यात आले. परका मुलूख, लाकडी कोठडी, उन्हाळ्यातील असह्य उष्मा आणि सोबतीला हा रोग! त्यांची प्रकृती पाहता ते या तुरुंगातून जिवंत परततील की नाही, अशी धास्ती अनेकांना वाटली असल्यास नवल नाही.

टिळकांनी मात्र रोगाचे रडगाणे गायले नाही, की त्याकडे दुर्लक्षही केले नाही. त्यांच्या स्वयंपाकासाठी एक मराठी कैदी देण्यात आला होता. नेहमीचे अन्न बदलून टिळक सातूच्या पिठाचे पदार्थ आणि दूध-दही यांवर राहू लागले. पथ्य ही त्यांनी शिक्षा मानली नाही. हाती घेतलेल्या कामाची ती पूर्वतयारी होती.

ते कामही तसेच मोठे होते. कोठडीत शेकडो ग्रंथ जमवून त्यांनी अखंड वाचन केले, नव्या भाषांचा अभ्यास केला. १९१०–११ च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत, पेन्सिलीने लिहून त्यांनी ‘गीतारहस्य’ सिद्ध केले. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या. अखेरच्या क्षणी आपण त्यांच्याजवळ नव्हतो, हे दुःख त्यांनी त्या कोठडीत एकट्याने सोसले. देहाची व्याधी पथ्याने आवरता येते; या दुःखाला मात्र पथ्य नव्हते. तरीही त्यांचा नित्यक्रम मोडला नाही.

जून १९१४ मध्ये टिळक सुटून आले. पुढच्याच वर्षी ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले. ‘छत्तीसगढ मित्र’ या मासिकाचे संस्थापक माधवराव सप्रे यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला. त्यामुळे मंडालेच्या कोठडीत लिहिलेला हा मराठी ग्रंथ छत्तीसगडातील वाचकांनाही आपलासा वाटू लागला. टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना केली, गावोगावी व्याख्याने दिली आणि १९१८ मध्ये इंग्लंडचा प्रवासही केला. साठी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाचा हा उद्योग होता. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर वर्षभरातच, १९२१ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका मुलाला देण्यात आले. आज मधुमेहावर परिणामकारक उपचार आहेत. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांचे केवळ पथ्याने भागत नाही. त्यांना इन्सुलिन घ्यावेच लागते. म्हणून टिळकांच्या आहाराची नक्कल करण्याचे कारण नाही. त्यांच्याकडून घ्यायची आहे ती वृत्ती. जी व्याधी समूळ जात नाही, तिला ओळखावे, वैद्याच्या सल्ल्याने तिला मर्यादेत ठेवावे आणि उरलेली सारी शक्ती आपल्या कार्याला द्यावी. दीर्घ आजार घेऊन जगणाऱ्या प्रत्येकाला हा मार्ग मोकळा आहे.