बर्झेलियस

रासायनिक समीकरणात तुम्ही मूलद्रव्यांसाठी अक्षरे लिहिता ना? ही पद्धत याकोब बर्झेलियस यांनी घालून दिली.

त्यांचा जन्म १७७९ साली स्वीडनमध्ये झाला. बालपणीच आईवडील वारले. तरी नेटाने शिकून ते डॉक्टर व पुढे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. द्रावणे मिसळून तळाशी बसलेला अवक्षेप ते गाळत, वाळवत आणि तोलत. त्यावरून त्यांनी अनेक अणुभार काढले. १८४८ साली त्यांचे निधन झाले.

बेरियम क्लोराइड व सोडियम सल्फेट यांपासून बेरियम सल्फेटचा पांढरा अवक्षेप आणि सोडियम क्लोराइड मिळते. डावीकडे सोडियम व क्लोरीन यांचे दोन-दोन अणू असतात. म्हणून उजवीकडे सोडियम क्लोराइडच्या आधी २ लिहा. त्यांच्यासारखाच चोख हिशेब ठेवा. एकही अणू हरवू देऊ नका.