वॉल्टर ओवेन बेंटली

ज्यांचे नाव त्यांच्या कृतीला कायमचे जडले, परंतु ते वापरण्याचा हक्क मात्र ज्यांच्या हातून गेला, अशा थोड्या पुरुषांपैकी इंग्लंडातील वॉल्टर ओवेन बेंटली हे एक होत.

त्यांचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. लहानपणापासून त्यांना आगगाडीच्या एंजिनांचे विलक्षण वेड होते. शिक्षण आटोपताच त्यांनी डॉनकॅस्टर येथील रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. तेथे हात काळे करून धातूचे गुणदोष ओळखण्यास ते शिकले. एंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकण्याचे कष्टही त्यांनी उपसले. पुढे १९१२ साली बंधूंसह त्यांनी फ्रेंच मोटारी विकण्याचा धंदा सुरू केला. ओतीव लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दट्टे वापरल्यास एंजिन हलके व चपळ होते, हे त्यांनी त्या गाड्यांवर प्रत्यक्ष सिद्ध केले. पहिल्या महायुद्धात हे ज्ञान लढाऊ विमानांच्या एंजिनांस उपयोगी पडले.

१९१९ साली त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. एका दिवसात शेकडो मैल लांबच्या प्रवासास, सामानसुमानासह, न थकता व न थांबता नेईल अशी भक्कम आणि वेगवान मोटार बांधावी, हा त्यांचा ध्यास होता. फ्रान्समधील ल मान्स येथे चोवीस तास अखंड चालणारी शर्यत ही अशा गाडीची खरी सत्त्वपरीक्षा. तीत बेंटली गाड्यांनी १९२४ साली, आणि पुढे १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षे, पहिला क्रमांक पटकाविला. १९२७ साली तर रात्रीच्या भीषण अपघातात कंपनीच्या तिन्ही गाड्या सापडल्या. त्यांतील एक मोडक्या अवस्थेतही पुढे रेटण्यात आली, आणि तीच जिंकली!

तथापि या गाड्यांचे दोषही त्यांच्या गुणांइतकेच ठळक होते. त्या अवजड होत्या. गिअर बदलण्यास सरावलेला हात लागे. पेट्रोलचा खप मोठा. कारखान्यातून केवळ एंजिन व सांगाडाच मिळे. वरचा भाग गिऱ्हाइकाने दुसऱ्या कारागिरांकडून बनवून घ्यावा लागे. १९३० साली निघालेल्या आठ लिटरच्या गाडीचा नुसता सांगाडाच १,८५० पौंडांचा होता. ती ताशी शंभर मैल धावे, पण अशा फक्त शंभर गाड्या तयार झाल्या. कारण तेव्हा जगभर मंदीची लाट पसरली होती आणि श्रीमंतांचेही हात आखडले होते. उत्तम तेच करावयाचे, या बाण्यापुढे जमाखर्चाचा मेळ कंपनीस कधीच नीट बसला नव्हता. १९३१ साली ती बुडाली आणि लिलावात रोल्स-रॉइस या प्रतिस्पर्धी कंपनीने ती विकत घेतली. कंपनीबरोबर बेंटलींचे नावही गेले.

एखादा दुसरा मनुष्य कटुतेने घरी बसला असता. बेंटली मात्र चार वर्षे नव्या मालकांकडे नोकरी करून १९३५ साली लगोंडा कंपनीत गेले आणि पुन्हा आराखड्यांच्या मेजाशी बसले. तेथे त्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेले सहा नळकांड्यांचे एंजिन पुढे १९५० सालच्या ॲस्टन मार्टिन डीबी टू या सुंदर प्रवासी गाडीत बसविण्यात आले. गाडीवर नाव दुसऱ्यांचे, पण आत धडधडणारे हृदय त्यांच्या हाताखाली घडलेले! १३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा दृष्टांत प्रभूने दिला आहे. विद्यार्थीमित्रहो, बेंटलींच्या अपयशात त्या दृष्टांताची साक्ष पटते. परंतु बुरूज हातचा गेल्यावरही दुसऱ्याच्या भिंतीतील दगड तितक्याच मनोभावे घडविणे, हे फार थोड्यांस साधते. ते त्यांस साधले, यातच त्यांचा मोठेपणा आहे.