गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस मराठवाड्याच्या राजधानीचं शहर वसवून गेला

घनसावंगीच्या माणसाला दवाखाना, कॉलेज किंवा हायकोर्टाचं काम निघालं की तो छत्रपती संभाजीनगरची गाडी पकडतो. १९८१ मध्ये जालना जिल्हा वेगळा झाला. त्याआधी तर हा भाग त्याच जिल्ह्यात होता. शहरात गेल्यावर रिक्षा कधीतरी भडकल गेटजवळून जाते. हा दरवाजा कोणी बांधला, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबरला जागतिक वारसा सप्ताह असतो. त्या निमित्ताने शहराच्या जुन्या इमारती बघायला निघालात तर सुरुवात या दरवाजापासून करा. कारण इथूनच मलिक अंबरची गोष्ट कळते.

त्याचा जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. मोखा, बगदाद असा प्रवास करत मालक बदलत गेले. त्यातल्याच एका मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं.

पुढे तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीझखानही एकेकाळी हबशी गुलामच होता. राज्यकारभार कसा चालतो हे अंबर त्याच्याकडेच शिकला. चंगीझखान गेल्यावर अंबर गुलामीतून सुटला. मग विजापूर दरबारात नोकरी केली आणि मलिक हा किताब मिळवला.

१६०० मध्ये मुघलांनी अहमदनगर जिंकलं. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. पण पन्नाशी ओलांडलेल्या मलिक अंबरने निजामशाही घराण्यातल्या मुर्तझाला परांड्यात गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. मराठा सरदारांना सोबत घेऊन त्याने गनिमी काव्याने मुघलांना हैराण केलं.

१६१० मध्ये त्याने खडकी नावाच्या गावाच्या जागी शहर वसवायला घेतलं. १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला.

पण शहराला खरी गरज होती पाण्याची. त्यासाठी त्याने नहर-ए-अंबरी बांधली. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, फक्त उताराच्या जोरावर शहरात यायचं. ना मोट, ना पंप. मध्येमध्ये पाण्याचा दाब सांभाळायला दगडी बंबे उभारले होते. मराठवाड्यात पाण्याची किंमत काय असते, हे वेगळं सांगायला नको.

मग आलं १६१६. आजच्या जालना जिल्ह्यातल्या रोषणगावजवळ मुघलांनी मलिक अंबरचा पराभव केला. त्याचे काही सरदार आधीच शत्रूला जाऊन मिळाले होते. जिंकलेली फौज थेट खडकीवर गेली आणि सहा वर्षांचं शहर उद्ध्वस्त केलं.

अंबरने ते पुन्हा उभं केलं. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाहीच्या एकत्र फौजेचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

बादशहा जहांगीरचा त्याच्यावर एवढा राग होता की, आपण अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतोय असं चित्रच त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात ते त्याला कधीच जमलं नाही. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला तेव्हा त्याचं वय जवळपास ७८ होतं.

त्याच्यानंतर दहा वर्षांत निजामशाही संपली. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, खडकीचं फतेहनगर केलं. औरंगजेबाने फतेहनगरचं औरंगाबाद केलं. २०२३ मध्ये त्याचं छत्रपती संभाजीनगर झालं. इतक्या वेळा नाव बदललं, पण ज्याने शहर वसवलं त्याचं नाव त्याला कधीच मिळालं नाही. ते राहिलं फक्त नहरीला.

फेरीचा शेवट खुलताबादला करा. मलिक अंबरची कबर तिथे आहे. त्याच गावात औरंगजेबाचीही आहे. औरंगजेबाच्या कबरीपर्यंत बहुतेक लोक जातात. यावेळी थोडं पुढे जाऊन अंबरचीही बघून या. ज्याचं स्वतःचं नावसुद्धा मालकाने दिलेलं होतं, तो माणूस तिथे झोपलाय.