खेळातून शिकवणारे संत डॉन बॉस्को



३१ जानेवारीला आपण संत डॉन बॉस्को यांचा सण साजरा करतो. हे संत लहानपणी दोरीवर चालत आणि जादूचे प्रयोग करत, हे मात्र आपण क्वचितच आठवतो.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या वाडीत झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. आई मार्गारिताने शेतात राबून मुलांना वाढवले. जत्रेतल्या कसरती जवळून पाहून छोटा जॉन त्या शिकला आणि गावातल्या मुलामाणसांना दाखवू लागला. तिकीट एकच: आधी रोझरी म्हणायची आणि रविवारचे प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचे!

१८४१ मध्ये त्यांना याजकीय दीक्षा मिळाली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला तुरीन शहरातील एका चर्चच्या साक्रिस्तीत एक अनाथ पोरगा शिरला. मिस्साची सेवा येत नाही म्हणून चर्चच्या सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले. लिहिता-वाचता येत नाही, गाता येत नाही, तर शिट्टी तरी वाजवता येते का, असे विचारताच तो हसला. शिकवणीला तिथूनच सुरुवात झाली.

पोरे वाढली तशा तक्रारी वाढल्या. गिरणीवाले कंटाळले. दफनभूमीजवळच्या चर्चमधून निघावे लागले. भाड्याच्या शेताच्या मालकांनी गवत तुडवले म्हणून जागा काढून घेतली. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणादिवशी, वाल्डोक्को येथे एक छपरी मिळाली. तिथे प्रार्थना, शिकवणी आणि खेळ एकत्र चालत. स्वतः फादर झगा सावरून मुलांबरोबर धावत. आपल्या ख्रिस्तशिकवणीच्या वर्गात मुले जांभया देतात, तेव्हा आपण दोष मात्र मुलांनाच देतो.

१८५० पासून त्या राज्यात दशमान वजनेमापे सक्तीची होणार होती. साधी माणसे गोंधळली, आणि अशा गोंधळात फसतो तो गरीबच. डॉन बॉस्कोंनी १८४९ मध्ये सोपे पुस्तक तर लिहिलेच, शिवाय विनोदी संवाद लिहून ते मुलांकडून रंगमंचावर करून घेतले. खरेदी-विक्रीची घासाघीस पाहता पाहता लोक नवा हिशेब शिकले. आपल्याकडे शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले, तेव्हाची बाजारातली वादावादी आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल!

उतारवयात त्यांचे पाय सुजत, डोळे अधू झाले. ३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे ते देवाघरी गेले. १९३४ च्या पुनरुत्थान रविवारी त्यांना संतपद मिळाले. त्याआधीच त्यांचे सालेशियन फादर मुंबईत पोहोचले होते.